पुठ्ठ्याची पद्मिनी

यंदाच्या गणपतीत इथे अ‍ॅशबर्नमध्ये, एका हॉलच्या कोपऱ्यात, फोटोसाठी काळी-पिवळी टॅक्सी उभी केली होती. पुठ्ठ्याची, पण मीटरसकट. तासभर रांग हटली नाही. मीपण फोटो काढला, सोवळेपणाचा आव कशाला आणू? पण शेजारी पाटी होती: ‘आपली स्वतःची गाडी’. आणि रांगेत दोन काका तिच्यावरून जुंपले होते. एक म्हणत होते, ब्रिटिशांनी अडवलं नसतं तर आपण कुठल्या कुठे असतो. दुसरे म्हणाले, “कसली आपली? फियाटची नक्कल ती!”

पद्मिनीबद्दल आपल्याकडे बोललं-लिहिलं जातं ते बहुतेक या दोन सुरांत. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी कायमची गेली, तेव्हा तर हळव्या पोस्टचा पूर आला होता. त्यात आरसे होते, सीट कव्हरं होती, पाऊस होता. कारखाना जवळपास कुठेच नव्हता.

पहिल्या काकांचं म्हणणं खोटं नाही. 1930च्या दशकात विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेतले मोटार कारखाने बघून आले आणि मुंबईत तसा कारखाना काढायची योजना त्यांनी मांडली. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मदतीला तयार होतं, पण 1939मध्ये त्याने राजीनामा दिला. मग सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढे सरसावले. 1940मध्ये त्यांनी क्रायस्लरशी करार केला, पण युद्धकाळात सरकारने पाठिंबा नाकारला. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ 1944मध्ये निघाली आणि कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडायला 1947 उजाडलं. त्याही डॉज आणि प्लिमथ, सुटे भाग आणून जोडलेल्या. आता गंमत बघा: जनरल मोटर्स शिवडीत 1928पासून तेच करत होती. म्हणजे गाडी जोडायला कुणाची ना नव्हती. प्रश्न होता ती कोण बनवणार हा.

दुसऱ्या काकांशी मात्र मला भांडायचंय, आणि त्यासाठी जरा पॅरिसला जावं लागेल. जगातल्या अगदी पहिल्या मोटार कंपन्यांपैकी एक म्हणजे ‘पानार ए लव्हासोर’. ही मंडळी मुळात लाकूड कापायची यंत्रं बनवायची. त्यांचं इंजिन होतं जर्मनीच्या डाइमलरचं, लायसन्सवर घेतलेलं. ते हक्क मिळवून दिले लुईझ साराझँ या बाईंनी. डाइमलरचे फ्रान्समधले हक्क त्यांचे पती सांभाळायचे. 1887मध्ये ते वारले, तेव्हा बाईंनी स्वतः डाइमलरशी बोलणी करून हक्क राखले. 1890मध्ये त्यांनी एमिल लव्हासोरशी लग्न केलं. बहुतेक इतिहासांत त्या ‘लव्हासोरची बायको’ म्हणून एका ओळीत उरकल्या जातात, आणि आमच्या मागच्या भागातही आम्ही तेच केलं, हे इथे कबूल करून टाकते.

तर जगाला मोटार शिकवणाऱ्या फ्रेंचांचीही सुरुवात उसन्या इंजिनावर झाली. प्यूजोनेसुद्धा आपल्या पहिल्या पेट्रोल गाड्यांसाठी इंजिनं पानारकडूनच घेतली. लायसन्स घेणं म्हणजे नक्कल, हा हिशेब तिथे कुणी लावत नाही. आपल्याच बाबतीत का लावतो?

पण लव्हासोरने पुढे काय केलं ते बघा. 1891मध्ये त्याने इंजिन पुढे आणलं, त्यामागे क्लच, मग गिअर, आणि ताकद दिली मागच्या चाकांना. पुढची कित्येक दशकं बहुतेक गाड्या याच मांडणीने बनल्या. 1895मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत तो स्वतः दोन दिवस-दोन रात्री जवळजवळ एकट्याने चालवत सगळ्यांत आधी पोचला. गाडी दोनच सीटची म्हणून पहिलं बक्षीस मात्र एका प्यूजोला गेलं.

प्रीमियरने 1951च्या सुमारास फियाटशी करार केला. वालचंद 1953मध्ये गेले. त्यानंतर सुटे भाग हळूहळू इथे बनू लागले, आणि हे काम अजिबात लहान नव्हतं. पण 1960च्या दशकातली फियाट 1100 पुढे नाव बदलून पद्मिनी झाली आणि अंगकाठी फारशी न बदलता 2000च्या आसपासपर्यंत निघत राहिली. बदलायची गरजच कुणाला होती? किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवायचं, स्पर्धक दोन-तीन, आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेलं. ज्या बंदोबस्ताने कारखाना जगवला, त्यानेच त्याला आळशी केलं असं माझं मत आहे. यात ब्रिटिश कुठेच नाहीत, म्हणून पहिल्या काकांची गोष्ट 1947लाच थांबते.

1990च्या दशकात बाजार उघडला तेव्हा प्रीमियरने कल्याणला नवा जोडीदार आणला. कोण? तर प्यूजो. गाडी निघाली, बुकिंगला गर्दी झाली, कामगारांशी तंटे झाले, आणि थोड्याच वर्षांत फ्रेंच मंडळी परत गेली. कल्याणच्या त्या गाडीचं पुठ्ठ्याचं मॉडेल अजून कुठल्या गणपतीत पाहिलं नाही.