तरलेल्या वह्या, बुडालेला प्रश्न

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि मावळातून देहूला येते. शूद्राने वेदार्थ सांगू नये म्हणून रामेश्वरभटांच्या आज्ञेने तुकोबांच्या वह्या तिच्यात बुडवल्या गेल्या, असे परंपराच सांगते. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटात रामेश्वरभट आहेत. पण कथा पुढे रेटतो तो सालोमालोचा मत्सर. वर्णव्यवस्थेचा गुन्हा एका हलकट माणसाच्या माथी मारला की व्यवस्था निर्दोष सुटते. मग वह्या तरतात, विमान येते, प्रेक्षक हात जोडतो.

माझा आक्षेप या हात जोडण्याला आहे. मावळातच सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे यांची समाधी आहे. या तेल्याने तुकोबांचे अभंग लिहून ठेवले. वह्या चमत्काराने वाचल्या म्हणणे म्हणजे या लिहित्या हाताचे श्रम नाकारणे होय. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग छापला. मुक्यांच्या पत्राला विमानातला तुकोबा कशाला हवा होता? त्याला बंदी झुगारून बोललेला कुणबी हवा होता. वर्गात तुकोबा शिकवताना मी म्हणूनच आधी विचारतो, वह्या बुडवायला कुणी लावल्या? त्या कशा तरल्या, हे नंतर पाहू.