सकार आणि खरखर : घरगुती संगीतश्रवणाची एक कसोटी

घरी संगीत ऐकण्यास ॲनालॉग साधन बरे की डिजिटल, हा वाद बहुधा स्वराच्या गोडव्यापाशी येऊन थांबतो. तबकडीचा आवाज भरीव, सीडीचा कोरडा, अशा विशेषणांनी त्याचा निकाल लावला जातो. मराठी घरांत ऐकले जाणारे संगीत पुष्कळ अंशी अभंग, ओवी व भावगीत यांचे, म्हणजे शब्दप्रधान असते, ही गोष्ट या वादात सहसा विचारात घेतली जात नाही.

अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अखेरचे पसायदान हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत व लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघर पोहोचले. कोठे तबकडीवर, कोठे कॅसेटवर, आज बहुधा मोबाइलवर. चाल सर्वत्र तीच. शब्द मात्र सर्वत्र सारखेच स्पष्ट ऐकू येतात असे नाही.

याचे कारण ध्वनींच्या स्वरूपात आहे. गायनातील मूळ स्वर सामान्यतः सेकंदाला हजार कंपनांच्या आत राहतो. ‘स’चे घर्षण मुख्यतः चार हजारांच्या वर असते. ‘जग’ (विश्व) आणि ‘जग’ (जगणे) यांतील तालव्य व दंततालव्य ‘ज’चा भेदही बराचसा वरच्या पट्ट्यातच ओळखू येतो. १९२५ पूर्वी कर्ण्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांत दोन-अडीच हजारांपलीकडचे फारसे उतरत नसे. १९४८ मध्ये आलेल्या लाँगप्ले तबकडीने ही उणीव भरून काढली. परंतु सुई मध्याकडे सरकते तसा तिच्याखालील खाचेचा वेग घटतो आणि शेवटच्या गीतात सकार फाटू लागतो. कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते; यंत्राचे हेड किंचित तिरपे झाले, की प्रथम वरचेच ध्वनी मावळतात. १९८२ मध्ये आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. त्यामुळे वीस हजार कंपनांपर्यंतचे ध्वनी टिकतात, व वारंवार ऐकूनही ते झिजत नाहीत.

येथवर डिजिटलचा पक्ष बळकट आहे. परंतु घरी ऐकली जाते ती प्रत पुष्कळदा जुन्या तबकडीवरून उतरवून ‘स्वच्छ’ केलेली असते. खरखर आणि ‘स’ हे दोन्ही अनियमित कंपनांचे ध्वनी होत. खरखर पुसणारी प्रक्रिया सावधपणे केली नाही, तर तिच्याबरोबर सकारही पुसला जातो. श्रोत्याला अशी प्रत सुखद वाटते. अभ्यासक मात्र गायकाचा उच्चारच मवाळ होता असे अनुमान काढण्याचा संभव असतो. तबकडीचा दोष कानांना कळतो. स्वच्छ केलेल्या प्रतीचा कळत नाही.

तात्पर्य, तुलना साधनांची नव्हे, प्रत्यक्ष प्रतींची करावयास हवी. शब्द ऐकण्यासाठी नीट केलेली डिजिटल प्रतच श्रेयस्कर होय. मात्र तिच्यामागे संस्कार न केलेली एक प्रत आणि मूळ तबकडी जपून ठेवणे अगत्याचे आहे. त्यांच्या अभावी उच्चाराविषयीचे कोणतेही विधान पडताळून पाहता येणार नाही.