थंडीचा सूर : ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’चा विचार

ब्लॅक मेटल या संगीतप्रकाराची ओळख बहुतेकांना संगीतापेक्षा बातम्यांतून झाली : नॉर्वेत जाळलेली लाकडी चर्चे, तुरुंगात गेलेले वादक. त्यामुळे या प्रकारात स्वररचनेचा विचार करण्याजोगे काही असेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. स्वीडनच्या ‘डिसेक्शन’ या वाद्यवृंदाचा १९९५ साली आलेला ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’ हा अल्बम मी त्यासाठीच निवडला आहे. त्याचे सौंदर्य निर्विवाद आहे, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

‘डिसेक्शन’ची स्थापना १९८९ची, गाव स्ट्रॉमस्टाड, नॉर्वेच्या सरहद्दीजवळचे. त्या काळी नॉर्वेतील ‘डार्कथ्रोन’सारख्या मंडळींनी ध्वनिमुद्रण मुद्दाम ओबडधोबड ठेवले होते, खरखर हाच त्यांचा प्रामाणिकपणाचा पुरावा. डॅन स्वानो यांच्या हाताखाली मुद्रित झालेल्या या अल्बमने उलट वाट धरली. इथे प्रत्येक तार सुटी ऐकू येते. धुक्यातली थंडी वेगळी आणि निरभ्र रात्रीची वेगळी, ही दुसरी.

हा परिणाम साधतो कसा? मेंडोलिनवादक एकच स्वर झपाट्याने छेडत लांबवतो, तशी इथे गिटार वाजते. तुटक आघातांतून अखंड रेघ तयार होते. त्या रेघेला दुसरी गिटार बऱ्याचदा तिसऱ्या स्वरावरून समांतर साथ देते. हा वारसा ‘आयर्न मेडन’सारख्या ब्रिटिश हेवी मेटलचा. स्वरसप्तक मुख्यतः मायनर, म्हणजे आपल्या आसावरी थाटाचे स्वर. मधूनच शुद्ध निषाद आला की किरवाणीचा भास होतो. अर्थात स्वर जुळले म्हणून राग होत नाही. आपल्याकडे एकच स्वररेषा विस्तारत जाते. इथे भाव दोन रेषांमधल्या अंतरात असतो. त्यात लय अनेकदा तिना-तिनांत विभागली जाते. त्यामुळे प्रचंड वेगातही एक झोका राहतो, आणि कान थकत नाही.

रचनांची मांडणीही विचारपूर्वक आहे. एकूण आठ रचना. सुरुवातीची शब्दाविना, शेवटची केवळ पियानोची. ‘नाइट्स ब्लड’च्या मध्यात वादळ थांबते आणि अकूस्टिक गिटार एकटी उरते, आठ मिनिटांच्या ‘थॉर्न्स ऑफ क्रिमझन डेथ’मध्येही अशी उसंत मिळते. ‘व्हेअर डेड एंजल्स लाय’ तर बराचसा संथच चालतो. या विरामांमुळे वेगाला अर्थ येतो. खरडलेल्या आवाजात शब्द फारसे कळत नाहीत; सांगण्याचे काम सुरावटच करते.

ती सांगते काय? मृत्यू भव्य आहे. मुखपृष्ठावरही निळ्या हिमप्रदेशातून मृत्यू घोड्यावर स्वार होऊन येतो.

इथे इतिहास आडवा येतो. १९९७ साली गोथेनबर्गच्या एका उद्यानात अल्जीरियन वंशाच्या एका समलिंगी माणसाचा गोळ्या घालून खून झाला. त्या प्रकरणात या अल्बमचा मुख्य रचनाकार, गायक आणि गिटारवादक योन नोत्वेत याला एका साथीदारासह शिक्षा झाली. २००४ मध्ये तो सुटला; २००६ मध्ये त्याने आत्महत्या केली.

‘कला वेगळी, कलावंत वेगळा’ हे उत्तर मला इथे अपुरे वाटते. जो संगीतप्रकार आपण अभिनय करत नाही, असे बजावून सांगतो, त्याला ही पळवाट देणे म्हणजे त्याचाच दावा खोडणे. मात्र १९९५च्या सुरावटीत १९९७चा गुन्हा शोधणेही चूक. मायनर स्वरांत खून नसतो. तेच स्वर आपण विरहासाठीही ऐकतो.

मला महत्त्वाचा वाटतो तो या दोन मृत्यूंतला फरक. अल्बममधला मृत्यू घोड्यावरून येतो, त्याच्यासाठी दोन गिटारी एका सुरात गातात. उद्यानातल्या माणसाच्या वाट्याला यातले काहीही आले नाही : ना भव्यता, ना सूर, ना शेवटचा पियानो. मृत्यूला सुंदर करणारी कला एक गोष्ट हमखास झाकते – मरणारा कोणीतरी असतो. या अल्बममध्ये स्वार आहे, वादळ आहे, हिम आहे. माणूस कुठेच नाही.

म्हणून हा अल्बम ऐकू नये, असे मी म्हणणार नाही. त्याच्या प्रकारातली ती श्रेष्ठ कृती आहे, हे मत मी मागे घेत नाही. पण त्याच्या श्रेष्ठत्वाचा हिशेब मांडताना ही रिकामी जागाही मोजली पाहिजे. इतके स्वच्छ ध्वनिमुद्रण असल्यावर ती ऐकू येत नाही, अशी सबब श्रोत्याला उरत नाही.