पाहायला न मिळणारा मराठी सिनेमा

‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट पाहिल्याचं जे सांगतात, त्यांतल्या बहुतेकांनी नाटक पाहिलेलं असतं. ते खोटं बोलत नसतात. नाटक इतकं मनात ठसलेलं आहे, की त्यावर चित्रपटही निघाला होता म्हटल्यावर तोही आपण पाहिला असणार असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात १९७६चा हा चित्रपट कित्येक वर्षं कुणाला पाहायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पटकथा स्वतः नाटककार विजय तेंडुलकरांची, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नाना फडणवीस मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी; पुरींच्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटांपैकी हा एक. के. हरिहरन, मणि कौल, कमल स्वरूप, सईद मिर्झा अशी नावं दिग्दर्शनाला आणि बिनोद प्रधान, वीरेंद्र सैनी यांच्यासह चौघे कॅमेऱ्यामागे. ‘युक्त’ या सहकारी संस्थेच्या नावाने पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली ही मंडळी आणीबाणीच्या काळात सत्तेवरचा चित्रपट करत होती.

त्याची प्रत टिकली ती बर्लिनमध्ये. तिथल्या आर्सेनाल या संस्थेने ती जपली, तिच्यावरून डिजिटल आवृत्ती केली आणि २०१४च्या बर्लिन महोत्सवात चित्रपट पुन्हा पडद्यावर आणला. पुण्याचं नाटक, पुण्याची नटमंडळी, पुण्यात शिकलेले दिग्दर्शक आणि पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट. ती पुन्हा पाहायची सोय जर्मनीने केली. आर्सेनालचे आभार मानावेत तेवढे थोडे आहेत. पण आपल्याकडे ही तळमळ कुठल्या टेबलावर अडकली होती, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

चित्रपटांच्या जतनाबद्दल आपण बोलतो तेव्हा हळहळ सगळी हरवलेल्या चित्रपटांच्या वाट्याला जाते. ती रास्तच आहे. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट झाले. त्यांतले अंशतः का होईना टिकलेले तीसही भरत नाहीत. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रीळ तेवढी आहे, आणि तीही १९१३ची की त्यांनी नंतर पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५चा ‘सावकारी पाश’ गेला. ‘आलम आरा’ गेला. फिल्ममधली चांदी काढून घ्यायला रिळं विकली गेली, काही नायट्रेटच्या आगीत जळाली, काही नुसती सडली. १९४८च्या दंगलीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. जानेवारी २००३मध्ये पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं नायट्रेट फिल्मचं कोठार पेटलं आणि शेकडो चित्रपटांची मूळ रिळं एका दिवसात राख झाली.

हे नुकसान भरून येणारं नाही, आणि त्याचा शोक करून झाला की माणूस मोकळा होतो. मला त्याहून जास्त छळतात ते हातात असलेले चित्रपट. त्यांचे डबे थंड खोलीत व्यवस्थित रचलेले आहेत, त्यांवर चिठ्ठ्या आहेत, नोंदवहीत क्रमांक आहे. नाही तो फक्त प्रेक्षक. सोलापूरच्या, पणजीच्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला असा चित्रपट आज रात्री घरी पाहावासा वाटला, तर कायदेशीर आणि नीट दिसणारी प्रत त्याला पैसे मोजूनही मिळत नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी १९६५पासून गावोगाव हिंडून, निर्मात्यांच्या दारात बसून चित्रपट जमवले. त्यांच्याच काळात संग्रहालयाची वितरण शाखा फिल्म सोसायट्यांना सोळा मिलिमीटरच्या प्रती पाठवायची. जपून ठेवणं आणि दाखवणं ही दोन कामं त्यांच्या लेखी वेगळी नव्हती. पुढे जपणुकीला इमारती आणि योजना मिळाल्या. दाखवण्याकडे मात्र तेवढ्या निष्ठेने कुणी पाहिलं नाही.

याचा परिणाम आपल्या अभिरुचीवर झाला आहे, आणि समीक्षेवर तर फारच. माझ्या पिढीला मुंबई दूरदर्शनच्या शनिवारच्या मराठी चित्रपटाने आणि रविवार दुपारच्या प्रादेशिक चित्रपटांनी वाढवलं. निवड आपल्या हाती नव्हती, पण एखादा अवघड चित्रपटही न मागता समोर यायचा. मग व्हिडिओ लायब्ऱ्या आल्या, आणि नव्वदीच्या अखेरीपासून व्हीसीडी. मोजर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली तेव्हा एसटी स्टँडवरच्या टपरीतही मराठी चित्रपट टांगलेले दिसू लागले. ती खरी लोकशाही होती आणि तिचं मोल मी कमी लेखणार नाही. पण दुकानात जे खपेल तेच छापलं जाणार. अशोक सराफ-लक्ष्मीकांत बेर्डे यांचे चित्रपट घराघरांत गेले आणि ‘अशी ही बनवाबनवी’चे संवाद आज तिसऱ्या पिढीला पाठ आहेत. हा आनंद अस्सल आहे. त्यासोबत एक समजही पक्का झाला, की ऐंशीच्या दशकातला मराठी सिनेमा म्हणजे विनोदी सिनेमा, फार तर त्यात एक ‘उंबरठा’. त्याच दशकाच्या उंबऱ्यावर मानवतच्या हत्याकांडावर ‘आक्रीत’ करणारे अमोल पालेकर, ‘२२ जून १८९७’ करणारे नचिकेत आणि जयू पटवर्धन ही नावं अभ्यासक्रमात येतात, पण जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांत येत नाहीत. जो चित्रपट पाहिलेलाच नाही त्यावर कोण वाद घालणार?

समीक्षकाची अडचण याहून गंभीर. पुस्तकावर लिहिणारा पान उघडून वाक्य तपासतो. चित्रपटावर लिहिणारा कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या परीक्षणावर विसंबतो, तो परीक्षणकर्ता महोत्सवात एकदा पाहिलेल्या प्रतीच्या आठवणीवर विसंबलेला असतो, आणि पुढच्या पुस्तकात तेच मत ठरलेलं सत्य म्हणून छापलं जातं. मराठी समांतर सिनेमाविषयीचं आपलं पुष्कळसं लेखन आज ऐकीव माहितीवर उभं आहे. थोर म्हणून नावाजलेले काही चित्रपट कदाचित तेवढे थोर नसतील. दुर्लक्षित राहिलेला एखादा कदाचित फार मोठा असेल. पुन्हा पाहिल्याशिवाय ते कळायचं कसं?

‘आहे की यूट्यूबवर’ हे उत्तर नेहमी मिळतं. तिथे काय आहे ते एकदा नीट पाहू. व्ही. शांताराम म्हणजे शांतारामबापूंचा १९३७चा ‘कुंकू’ घ्या. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट, शांता आपटे (नीरा) आणि केशवराव दाते (तिचे म्हातारे पती काकासाहेब) यांचा. यात पार्श्वसंगीत नाही. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली असताना शांतारामबापूंनी घरातल्या आवाजांवर सगळी भिस्त ठेवली: पावलं, भांडी, ग्रामोफोन आणि काकासाहेबांच्या भिंतीवरचं घड्याळ. त्या घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्या नवऱ्याचं उरलेलं आयुष्य मोजत असते आणि नीराच्या गप्प बसण्याला धार आणते. आता हा चित्रपट झिजलेल्या प्रतीवरून व्हिडिओ टेपवर, टेपवरून व्हीसीडीवर आणि तिथून इंटरनेटवर गेला की काय होतं? व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं. अंधारातली नीरा काळ्या चौकोनांत विरघळते. आवाजातली खरखर घालवायला कुणीतरी गाळणी लावतो आणि खरखरीबरोबर घड्याळही जातं. जुनी जवळपास चौकोनी चौकट आजच्या रुंद टीव्हीवर भरायची म्हणून वरून-खालून कापली, की चित्राचा जवळजवळ पाव हिस्सा नाहीसा होतो. कपाळावरच्या ज्या कुंकवावरून चित्रपटाला नाव मिळालं, ते कपाळच बाहेर राहतं. कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का. एवढं सोसून ज्याने पाहिलं त्याला ‘कुंकू’ची गोष्ट कळली, ‘कुंकू’ दिसला नाही. तो म्हणतो, काळाच्या मानाने बरा आहे. त्याला दोष कसा द्यायचा?

खरं तर या चित्रपटांच्या बाबतीत कायद्याची वाट मोकळी आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे १९६४पर्यंत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांचा हक्क २०२४अखेर संपला. प्रभातचे सगळे, अत्र्यांचा ‘श्यामची आई’, अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’, राजा परांजप्यांचा ‘जगाच्या पाठीवर’ हे चित्रपट म्हणून आता लोकांच्या मालकीचे. गुंता राहतो तो गाण्यांचा. गीतकार गदिमा १९७७मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७अखेरपर्यंत चालतो. सुधीर फडक्यांच्या संगीताचा त्याहून पुढे. चित्रपटासाठी पैसे घेऊन लिहिलेलं गाणं निर्मात्याचं की कवीचं, यावर वकिलांना वाद घालायला जागा आहे. पण तो वाद सुटण्याजोगा आहे. अडतं ते वस्तूपाशी. हक्क लोकांचा झाला तरी चांगली निगेटिव्ह किंवा पहिल्या पिढीची प्रत ज्याच्या कुलपात आहे त्याच्या परवानगीवाचून काहीच हलत नाही. राष्ट्रीय संग्रहालय लोकांच्या पैशांवर चालतं. हक्क संपलेल्या मराठी चित्रपटांच्या उत्तम प्रती त्याने कुणालाही पाहता येतील, उतरवून घेता येतील अशा खुल्या करायला हव्यात, आणि त्या कापलेल्या, शिक्का मारलेल्या नसाव्यात. यासाठी मला नवा कायदा लागेल असं वाटत नाही.

१९६५नंतरच्या चित्रपटांची स्थिती अधिक बिकट, आणि आपल्या सिनेमाचा सगळ्यात धाडसी काळ नेमका तिथेच आहे. निर्माता म्हणजे बहुधा चार जणांची भागीदारी किंवा एका चित्रपटापुरती उघडलेली कंपनी. चित्रपट पडला, भागीदार पांगले. प्रोसेसिंगचं बिल थकलं म्हणून निगेटिव्ह लॅबमध्येच राहिली. पुढे डिजिटल आलं आणि लॅबच बंद झाल्या. व्हिडिओचे हक्क एकाला, उपग्रह वाहिन्यांचे दुसऱ्याला, गाणी तिसऱ्याकडे. करारात इंटरनेटचा उल्लेख असणं शक्यच नव्हतं. वारसांना आपल्याकडे काय आहे हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक झालं की एकदम त्याची किंमत लाखांत वाटू लागते. अशा वेळी विकत घेणारा कंटाळून निघून जातो. २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१-अची व्याप्ती वाढली: मालक सापडत नसेल किंवा कृती लोकांपासून अडवून ठेवली असेल, तर वृत्तपत्रात जाहिरात देऊन, रीतसर अर्ज करून, स्वामित्वधन जमा करून परवाना मागता येतो. ही तरतूद बेवारस चित्रपटांसाठीच केल्यासारखी आहे. एखाद्या विद्यापीठाने, एखाद्या फिल्म सोसायटीने एक मराठी चित्रपट निवडून ती वापरून दाखवावी. पहिल्या खटाटोपात जे कागद तयार होतील तेच पुढच्या दहांना उपयोगी पडतील.

स्ट्रीमिंगने हा प्रश्न सोडवला असं मानणं धोक्याचं आहे. तिथे परवाना ठरावीक मुदतीचा असतो; मुदत संपली की चित्रपट निमूटपणे यादीतून निघतो, आणि फळीवर ठेवायला डबीसुद्धा उरत नाही. कमल स्वरूप यांच्या ‘ओम दर-ब-दर’चा इतिहास इथे आठवावा. १९८८चा हा चित्रपट सव्वीस वर्षं चित्रपटगृहात आला नाही. तो जिवंत राहिला व्हीएचएसच्या हातोहाती फिरणाऱ्या प्रतींवर, आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने पुन्हा उजळल्यावर २०१४मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा त्याला पाहायला एक पिढी तयार होती. कुणाच्या तरी कपाटातल्या कॅसेटींनी ती घडवली होती. आजच्या मराठी चित्रपटाला असं कपाटच नाही.

राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देतं. ‘अ’ वर्गाला ४० लाख, ‘ब’ वर्गाला ३० लाख असे आकडे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. त्याआधी करमणूक कर परत मिळायचा. पैसा लोकांचा आहे, तर त्याच्याबरोबर दोन अटी हव्यात: अनुदानाचा हप्ता घेण्याआधी मूळ दर्जाची डिजिटल प्रत संग्रहालयात जमा करणं, आणि काही वर्षांनी, समजा दहा, ती ग्रंथालयांत आणि शाळा-महाविद्यालयांत विनाशुल्क दाखवू देणं. पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला देणं १९५४च्या कायद्याने बंधनकारक आहे. चित्रपटाला तशी सक्ती नाही, आणि सत्तर वर्षं आपल्याला ते खुपलेलं नाही.

खर्चाचं काय, हा प्रश्न खरा आहे. दोन तासांच्या चित्रपटात सेकंदाला चोवीस याप्रमाणे १,७२,८०० चौकटी असतात. त्या साफ करायच्या, स्कॅन करायच्या, ओरखडे भरायचे. पण पैशांपेक्षाही लवकर संपणारी गोष्ट वेगळी आहे. फिल्मचे रंग उडालेले असतात, तेव्हा मूळ रंग काय होता हे संगणक सांगू शकत नाही, कॅमेरामन सांगतो. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ उजळला तेव्हा श्याम बेनेगल आणि गोविंद निहलानी देखरेखीला होते. मे २०२४मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला; त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेनेगल गेले. सुमित्रा भावे २०२१मध्ये गेल्या. सत्यदेव दुबे तर २०११मध्येच. दुब्यांनी दिग्दर्शित केलेल्या १९७१च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चं छायालेखन निहलानींचं. हा चित्रपट हाती घ्यायचा असेल, तर त्यातल्या दिव्यांबद्दल आणि सावल्यांबद्दल आधी विचारायचं ते त्यांनाच, आणि आताच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या प्रत्येक महत्त्वाच्या मराठी चित्रपटापुढे तो चित्रित, संकलित किंवा ध्वनिमुद्रित करणाऱ्या हयात माणसाचं नाव लिहिलेली एक यादी संग्रहालयाने या वर्षी करावी. कुठला चित्रपट आधी घ्यायचा हे त्या यादीवरूनच ठरेल.