गड सोडून जाणाऱ्यांचे साहित्य

पन्हाळ्यावर माझे झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. कॉलेजात जाणे जमले नाही. दुकान सांभाळत जी पुस्तके मिळाली ती वाचत गेलो आणि गडावरचे छापील साहित्य जमवत गेलो. वीस-बावीस वर्षांत एक लोखंडी कपाट भरले. त्या कपाटाविषयी समाधान होते. ते २०२५च्या सुरुवातीला गेले.

त्या महिन्यांत दुकानात एकाच जातीचे कागद येऊ लागले : घरपट्टीच्या पावत्या, सिटी सर्व्हेचे उतारे, आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले. गडाचे नाव जागतिक वारसा यादीसाठी गेले होते. घर दुरुस्त करता येईल का, धंद्याचे काय, आपल्याला खाली उतरवतील का, अशा शंका गावात होत्या. कुणालाही उठवले जाणार नाही, असे अधिकाऱ्यांकडून सांगितले गेले. तरीही लोक प्रती काढून ठेवत होते. एका वयस्क गृहस्थांनी प्रती घेताना विचारले, "तुमी येवढी पुस्तकं गोळा केलाईसा. आमी हितं किती पिढ्या ऱ्हातोय, ते त्यातल्या एका तरी पुस्तकात असंल की."

मी हो म्हणालो आणि रात्री कपाट उघडले. त्या शोधातून जे हाती आले, त्याची ही मांडणी आहे.

पन्हाळ्याविषयीचे बहुतेक ललित लेखन एका रात्रीभोवती फिरते. १२ जुलै १६६०ची ती रात्र. मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. भर पावसात शिवाजी महाराज गडावरून निसटले, शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन मरण पत्करले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट अडवून धरली. या प्रसंगावर सावरकरांनी पोवाडा रचला, श्रीअरविंदांनी इंग्रजीत दीर्घ काव्य लिहिले, रणजित देसाईंनी 'पावनखिंड' ही कादंबरी लिहिली आणि २०२२ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. यातल्या कादंबरीचे आणि चित्रपटाचे शीर्षक पाहावे. ते गडाचे नाही, खिंडीचे आहे. महाराजांची पालखी गडाखाली उतरली की लेखकाची नजरही उतरते आणि पुन्हा वर येत नाही.

हा त्या लेखकांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांचा विषय बाजींचे बलिदान हा आहे आणि तो त्यांनी निवडून घेतलेला आहे. पण म्हणून पुढचा प्रश्न टळत नाही. पालखी गेली, त्या पहाटे गडावर कोण होते? किल्ला सांभाळायला त्र्यंबक भास्कर मागे राहिले होते. गड लगेच पडला नाही. महाराजांनी विजापूरकरांशी तह केला आणि सप्टेंबर १६६० मध्ये गड सोपवण्यात आला. म्हणजे निसटण्याची एक रात्र आणि मागे उरलेल्यांचे दोन महिने. त्या रात्रीवर पोवाडा, महाकाव्याच्या तोडीची कविता, कादंबरी आणि चित्रपट. त्या दोन महिन्यांवर माझ्या कपाटात इतिहासग्रंथांतल्या चार-दोन ओळी आहेत.

हे एकदा लक्षात आले की बाकीची पुस्तकेही तशीच दिसू लागतात. जयराम पिंड्ये यांचे 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य तर गडाचेच नाव घेऊन उभे आहे. त्याचा विषय मार्च १६७३चा आहे. कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी रात्री गड चढले आणि तो घेतला. हे काव्य चढून येणाऱ्यांचे आहे. संभाजी महाराजांविषयीच्या लेखनात पन्हाळा येतो तो दिलेरखानाकडून परतल्यानंतरच्या दिवसांत. १६८० मध्ये ते गडावरून निघतात, रायगडाची वाट धरतात आणि लेखकही मागोमाग जातो. मोरोपंत १७२९ मध्ये इथे जन्मले, तरुणपणीच बारामतीला गेले आणि त्यांची आर्या तिकडे बहरली. त्यांच्या चरित्रात पन्हाळा पहिल्या पानावर येतो आणि तिथेच संपतो. करवीर राज्याची राजधानी बराच काळ इथे होती, ती १७८२ मध्ये कोल्हापूरला उतरली. कोल्हापूरच्या इतिहासात त्यानंतर पन्हाळा येतो तो एका बंडापुरता.

थोडक्यात, पन्हाळ्याचे साहित्य हे पन्हाळ्यावर येणाऱ्यांचे आणि पन्हाळा सोडून जाणाऱ्यांचे साहित्य आहे. राहणाऱ्यांचे नाही.

वर म्हटलेले बंड म्हणजे १८४४चा गडकऱ्यांचा उठाव. मागे राहणारी माणसे कागदावर ठळक दिसतात ती या एकाच ठिकाणी. गडकरी म्हणजे वंशपरंपरेने गडाची राखण करणारे आणि त्याबदल्यात जमीन कसणारे. नव्या व्यवस्थेत ही राखण नकोशी झाली, जमिनीवर गदा आली, तेव्हा ते उठले. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ओव्हान्स यांना त्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी जनरल डेलामोट यांच्या फौजेने तटाला खिंडार पाडून गड घेतला. त्यानंतर चार दरवाजा पाडला गेला.

हे सारे वाचायला मिळते ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात. ग्रॅहम यांचा १८५४चा अहवाल आणि १८८६चे कोल्हापूर गॅझेटियर ही त्यातली मुख्य साधने. त्यांची मेहनत मोठी आहे, आजही त्यांच्यावाचून पान हलत नाही. पण त्यांच्या लेखी गडकरी म्हणजे बंडखोर. तीन दरवाज्याचे आणि अंबरखान्याचे वर्णन करताना जी सावकाशी गॅझेटियरमध्ये आहे, ती माणसांच्या वाट्याला येत नाही. दगडाचे वर्णन होते, माणसांची गणती होते. पुढे मराठीत निघालेल्या माहितीपुस्तिकांनी ही पद्धत जशीच्या तशी उचलली. सज्जाकोठी, सोमेश्वर तलाव, अंधारबाव, साधोबा दर्गा, पराशर गुहा. शेवटी एसटीचे वेळापत्रक आणि लॉजचे दर. ताराराणींच्या वाड्याविषयी भरपूर मजकूर असतो. त्या वाड्यात मुलांची शाळा भरत आली आहे, हे एका वाक्यात उरकलेले असते. राणीच्या वाड्यात पाढे म्हणणाऱ्या पिढ्यांना तो वाडा कसा दिसला असेल, हे विचारावेसे कुणाला वाटले नाही. मलाही नाही.

इथे मला स्वतःलाही सोडता येत नाही. वीस वर्षे मी वेढ्यांच्या तारखा जुळवत बसलो. माझ्या शेजारी एक आजी राहत. नळ येण्याआधी कोणत्या पेठेने कोणत्या विहिरीवर पाणी भरायचे, कुणाला पायरीवर थांबावे लागायचे, हे त्यांना तोंडपाठ होते. मी त्यांना एकदाही वही घेऊन विचारले नाही. आता त्या नाहीत.

मग या वस्तीचे स्वतःचे लेखन आहे कुठे? ते आहे, पण आपण त्याला साहित्य म्हणत नाही. नगरपरिषदेच्या ठरावांची पुस्तके, शाळेचे जनरल रजिस्टर, पतसंस्थेचे वार्षिक अहवाल, गणेश मंडळाच्या पावतीपुस्तकांची मागची पाने, उरुसाच्या वर्गणीच्या याद्या. प्रती काढताना यातले पुष्कळ कागद माझ्या हाताखालून गेले आणि मी त्यांच्याकडे फक्त काळे-पांढरे म्हणून पाहिले. गणपतीच्या आणि उरुसाच्या वर्गणीत तीच तीच नावे दिसतात. गाव कसे चालते, हे त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की कळते.

संस्थांच्या स्मरणिका हा यातला छापील प्रकार, पण त्यांची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. आधी पुढाऱ्यांचे शुभसंदेश, मग अध्यक्षांची छायाचित्रे, मग जाहिराती. शिपाई, दिवाबत्तीवाला, झाडूवाली, भात शिजवणारी बाई यांची नावे नसतात. गौरवग्रंथ ज्या चुका राजांविषयी करतात, त्याच आपण अध्यक्षांविषयी करतो. तेव्हा राहणाऱ्यांचे लेखन हवे याचा अर्थ राहणाऱ्यांचे गुणगान हवे असा नाही. पायरीवर कुणाला थांबावे लागले, हेही त्यात आलेच पाहिजे. नाहीतर पोवाड्याच्या जागी दुसरा पोवाडा, एवढेच होईल.

जुलै २०२१चे उदाहरण देतो. अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता चार दरवाज्याजवळ खचला. वाहने बंद झाली. दूध, भाजी, गॅसचे सिलिंडर डोक्याखांद्यावरून वर आले. आजारी माणसांना उचलून खाली नेले. कोणत्या मंडळाची पोरे कोणत्या वेळेला वाटेवर उभी राहायची, हे गावाला माहीत होते. इंग्रजांनी १८४४ नंतर जिथे दरवाजा पाडला, तिथेच १७७ वर्षांनी वाट तुटली आणि यावेळी गड आतल्या माणसांनी चालवला. वर्तमानपत्रांत खचलेल्या रस्त्याची छायाचित्रे आली. त्या वाटेवरच्या दिवसांचे सलग टिपण माझ्या पाहण्यात नाही.

जुलै २०२५ मध्ये दोन बातम्या सहा दिवसांच्या अंतराने आल्या. ११ जुलैला युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले यादीत घेतले, त्यात पन्हाळा होता. १७ जुलैला स्वच्छ सर्वेक्षणाचे निकाल लागले. 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये सर्वांत लहान शहरांच्या गटात पाचगणीबरोबर पन्हाळ्याचे नाव होते. पहिला मान तटाबुरुजांचा, दुसरा पहाटे झाडू मारणाऱ्यांचा. २०११च्या जनगणनेत तीन हजारांच्या थोडी वर लोकसंख्या असलेल्या या गावाने दोन्ही मान मिळवले. त्या बारा किल्ल्यांत स्वतःची नगरपरिषद असलेला गड हाच. पहिल्या बातमीवर दिवाळी अंकांत लेख येतील. दुसरीवर येणार नाहीत.

यातले नुकसान केवळ भावनेचे नाही. राजस्थानातला जैसलमेरचा किल्ला २०१३ मध्ये याच यादीत गेला. त्याच्या आतही माणसे राहतात. तिथल्या चर्चेत रहिवासी बहुतेकदा येतात ते सांडपाण्याच्या निमित्ताने : घरांतले पाणी मुरते, पाया खचतो. प्रश्न खरा आहे. पण ज्यांच्याविषयी दुसरे काही लिहिलेले नसते, ते अशा चर्चेत फक्त अडचण म्हणून उरतात. पन्हाळ्यावर उद्या छप्पर, गटार, टपरी यांच्या परवानग्यांचे नियम होतील तेव्हा नियम करणाऱ्यांपुढे तटाचे नकाशे असतील, दरवाज्यांची मापे असतील. वस्तीविषयी काय असेल? घरपट्टीच्या पावत्यांच्या, माझ्या दुकानात काढलेल्या प्रती.

म्हणून इतिहासमंडळांना आणि आमच्यासारख्या हौशी अभ्यासकांना माझी विनंती एवढीच, की पुढची दहा वर्षे १६६०च्या त्या रात्रीला थोडी विश्रांती द्यावी. नगरपरिषदेचे जुने ठराव वाळवी लागण्याआधी उतरवून घ्यावेत. शाळेच्या रजिस्टरातले व्यवसायाचे रकाने वाचावेत. पेठेपेठेतल्या सत्तरीपुढच्या माणसांकडे वही घेऊन बसावे. ज्यांची नावे स्मरणिकेत नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करावी.

ते गृहस्थ पुन्हा दुकानात आले तेव्हा मी खरे ते सांगितले. पुस्तकात नाही. त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. मी त्यांच्या आजोबांच्या दाखल्याची एक प्रत माझ्यासाठी ठेवू का, असे विचारले. ते म्हणाले, "ठेवा की. पर त्यात वडलाचा धंदा चुकीचा लिवलाय, त्यो आधी बरोबर करून घ्या." मी वही काढली. कपाटातला खालचा खण रिकामा केला आहे. सध्या त्यात ही एक प्रत आणि दुरुस्तीचे सव्वा पान आहे.