कवटी, माप आणि मूल्य

विज्ञानात मूल्यांना स्थान नसावे, असे सांगताना इरावती कर्वे यांच्या बर्लिनमधील प्रबंधाचा दाखला सहज देता येतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या तेथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवशास्त्र शिकत होत्या. फिशर यांचे गृहीतक असे : मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असल्याने गोऱ्या युरोपीयांची कवटी असम असते आणि ते बुद्धीच्या श्रेष्ठत्वाचे लक्षण होय. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि असमतेचा संबंध त्यांना आढळला नाही. आकड्यांनी पूर्वग्रह हरवला, असे यावरून म्हटले जाते.

हे अर्धेच सत्य आहे. असमतेचा बुद्धीशी आणि बुद्धीचा वंशाशी संबंध जोडणारा प्रश्न मोजपट्टीतून आलेला नव्हता. तो आधीच मान्य केलेल्या उतरंडीतून आला होता. मूल्ये प्रश्न घडवतात. ती उत्तर घडवू लागली की संशोधन उरत नाही. एवढ्यावर बहुतेकांचे एकमत होईल.

अडचण या दोहोंच्या मध्ये आहे : किती पुरावा पुरेसा? रिचर्ड रडनर यांनी १९५३ साली मांडले की, पुरावा कधीच परिपूर्ण नसतो. म्हणून ‘आता पुरे’ म्हणणे हे, चूक झाल्यास तिची किंमत किती, यावर अवलंबून असते. रिचर्ड जेफ्री यांचे १९५६ सालचे उत्तर असे : वैज्ञानिकाने फक्त संभाव्यता सांगावी, स्वीकार-नकार इतरांवर सोडावा. बर्लिनचा अनुभव या उत्तराच्या विरोधात जातो. फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ साली ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले, त्यात तज्ज्ञ म्हणून त्यांचा हात होता. चुकीची किंमत मुलांनी मोजली. पुराव्याची पातळी मात्र ज्यांना काहीच मोजावे लागणार नव्हते त्यांनी ठरवली.

पुढे भारतात इरावतीबाईंनीही जातिगटांची शरीरमापे घेतली. जात हे मोजणीचे एकक मानणे, हीदेखील मोजणीआधीची निवडच. म्हणून त्यांना मूल्यमुक्त विज्ञानाची मूर्ती करणे योग्य नव्हे. त्यांचे मोठेपण वेगळे आहे. ज्याच्या हाती आपली पदवी आहे, त्याच्याच गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष त्यांनी लिहिला. तो आकड्यांनी दिला हे खरे. पण तो न लपवण्याचे बळ आकड्यांत नव्हते. तेही मूल्यच होते.