अनुशेषाचे माप आणि बिडकीन

वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात प्रादेशिक असमतोलाच्या अन्य अंगांबरोबर तंत्रशिक्षणाचाही अनुशेष मोजला. जिल्हा हे एकक व राज्याची सरासरी हे माप तिने स्वीकारले. निधिवाटपास त्यायोगे शास्त्रीय आधार लाभला, हे निर्विवाद होय. परंतु या मापाची मर्यादा बिडकीन येथे प्रत्ययास येते. पैठण तालुक्यातील या गावालगतचे ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाले. छत्रपती संभाजीनगर शहरातील प्रशिक्षणाच्या जागा जिल्ह्याच्या बेरजेत येतात. मात्र ज्यांची शेती संपादित झाली त्यांच्या मुलांना त्या कितपत लाभतात, हे बेरीज सांगत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये तंत्रशिक्षणाची समन्याय्य व्यवस्था अभिप्रेत आहे. ती जागांच्या संख्येवरून नव्हे, लाभार्थींवरून पारखली पाहिजे.